सलाईन वर ठेवायचं की खाली? जुन्या इमारतीच्या ऑडिटचा अनुभव

आमची नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची होलसेल एजन्सी आहे. भाड्याची जागा पुरेनाशी झाली म्हणून रविवार कारंजावरून सरकारवाड्याकडे उतरताना लागणारी एक जुनी इमारत घ्यायचं चाललं होतं. तळमजला अधिक दोन, खाली दुकानं, वर ऑफिसं. इसार द्यायच्या आधी या इंजिनिअरिंग फर्मकडून स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. पाचपैकी चार तारे देतेय. एक का कापला ते पुढे येईलच.

मालकांकडे ऑडिटचा कागद होताच. इमारतीला तीस वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं महापालिका अधिनियमाच्या कलम 265 अ प्रमाणे बंधनकारक आहे, त्यामुळे असा कागद बऱ्याच जणांकडे असतो. एक पान, सही, शिक्का, ‘इमारत वापरण्यास योग्य’. यांच्या इंजिनिअर साहेबांनी तो पुढून मागून पाहिला आणि एवढंच विचारलं, “टेस्टचे आकडे कुठायत?” आकडे नव्हतेच. आम्हालाही एकाने फोनवर सांगितलं होतं की फोटो व्हॉट्सअॅप करा, सर्टिफिकेट घरपोच देतो. फायलीला लावायला ते चालत असेल. ज्याला आयुष्याची कमाई त्या भिंतींत घालायचीय, त्याला काय कामाचं?

हे आले ते दोन पोरं आणि एक मोठी पेटी घेऊन, पण बराच वेळ पेटी उघडलीच नाही. साहेब नुसती हातोडी घेऊन कॉलम, बीम, स्लॅब ठोकत फिरले. पोकळ आवाज आला की पोरगा खडूने गोल करायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्याचं छत आहे तिथे, गोलावर गोल झाले. एका जागी नुसतं टोकरल्यावर पोपडा हातात आला आणि आत गंजून सालपटं सुटलेल्या सळया. मालक म्हणाले, “प्लास्टरच तर आहे.” साहेब काही बोलले नाहीत, फोटो काढला.

मग यंत्रं निघाली. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून वेग मोजतात. वेग जास्त आला तर माल चांगला, कमी आला तर संशयास्पद. समोरचे कॉलम आरामात पास झाले. मागच्या बाजूचे, संडासाच्या पाइपालगतचे दोन नापास. त्यांनी तिथे छोटा खड्डा पाडून बाटलीतलं पाण्यासारखं औषध फवारलं. काँक्रीट धड असेल तर जागा गर्द गुलाबी होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून त्यातला अल्कली गुण गेला असेल, तर रंगच येत नाही, आणि तो गेला की सळईला गंजापासून वाचवणारं काही उरत नाही. आमच्या त्या कॉलमला सळईपर्यंत रंग आला नाही. बाटलीवरचं नाव मात्र वाचून मला हसू फुटलं, फिनॉल्फ्थॅलीन! आमच्या धंद्यातलं जुनं गिऱ्हाईक, एकेकाळी जुलाबाच्या औषधांत असायचं.

पण पैसे वसूल झाले ते पुढच्या गोष्टीने. साहेबांनी विचारलं, “ताई, वर काय ठेवणार?” मी म्हटलं, सलाईनचे बॉक्स. आमचा हिशोब सोपा होता. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर येतं हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की सराफ बाजारातली माणसं माल वर चढवायला लागतात, आणि 2008 आणि 2016 चा पूर आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा जड माल पहिल्या मजल्यावर, काउंटर खाली.

त्यांनी वहीत आकडे मांडून दाखवले. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून काढतात, दुकानाचा चारशे. गोदामाला किमान साडेसातशे, आणि थर उंच गेले की त्याहून जास्त. “ही वरची जागा ऑफिसच्या हिशोबाने बांधलेली. तुम्ही सलाईन छातीपर्यंत रचलं तर तो स्लॅब कशाच्या भरवशावर उभा राहील?” म्हणजे पूर म्हणतो वर ठेवा आणि स्लॅब म्हणतो खाली ठेवा. माझे दीर म्हणाले, मग सोडूनच देऊ सौदा.

तोडगा साहेबांनीच काढला. सलाईन आणि सिरपं तळमजल्यावरच, पण जमीन दगडी भरावाने उचलून, वर लोखंडी रॅक, आणि खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं अशी हलकी चीज वर. फ्रीज आणि मीटरबोर्डही वर. शिवाय पालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघून यायला सांगितलं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. आपली इमारत कोणत्या रेषेच्या आत येते त्यावर उद्या पाडून नवी बांधता येईल की नाही हे ठरतं. हे ऑडिटच्या कामात येत नाही, तरी सांगितलं.

फी पस्तीस हजार, वर 18 टक्के जीएसटी. दीर आधी कुरकुरले. नंतर दोन कॉलमचं जॅकेटिंग (भोवती नवं काँक्रीट चढवणं), संडासाचं वॉटरप्रूफिंग आणि स्लॅबची दुरुस्ती यांचा अंदाजी खर्च रिपोर्टमधून मालकांसमोर ठेवला, तेव्हा तेच सगळ्यात जोरात बोलत होते. मालकांनी सगळा नाही, पण बऱ्यापैकी भाग किमतीतून वजा केला. जागा आम्ही घेतली.

आता तो कापलेला तारा. रिपोर्ट सांगितलेल्या तारखेला आला नाही, फोन केला की “उद्या नक्की”. आला तो जाडजूड आणि सगळा इंग्रजीत. फोटो शेवटी एकगठ्ठा, कुठला फोटो कुठल्या कॉलमचा ते नकाशाशी लावत बसावं लागलं. मराठीत दोन पानांचा गोषवारा मागितल्यावर दिला, पण तो न मागता मिळायला हवा. मालकही मराठी, घेणारेही मराठी, दुरुस्ती करणारा मुकादमही मराठी.

लिफ्ट, वायरिंग आणि आगीची यंत्रणा हे बघत नाहीत, तसं आधीच सांगतात. आगीसाठी परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत फॉर्म ‘बी’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो, जुन्या मालकांकडून मागचे फॉर्म मागून घ्या. टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काची तपासणी, वकिलाचं काम, ते वेगळं.

आणि जमलं तर यांना पावसाळ्यात बोलवा. उन्हाळ्यात गळती दिसत नाही, आणि विकायला काढलेल्या इमारतींना एप्रिलमध्ये रंग लागलेला असतो.