फुकट फिटिंगच्या नावाखाली कपलर कापतात, लक्ष ठेवा

गाडीत नवी अँड्रॉइड स्क्रीन, फिटिंग फुकट, वर जुन्या म्युझिक सेटचे पाचशे रुपये वजा. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातला हा सौदा नेहमीचा. ‘साहेब, अर्धा तास लागेल, चहा घेऊन या,’ म्हणतात. गिऱ्हाईक हलतं आणि हातचलाखी सुरू होते.

खरं तर गाडीबरोबर आलेला कंपनीचा सेट काढणं अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, सेटभोवतीची फ्रेम प्लास्टिकच्या पट्टीने उचलायची (स्क्रू ड्रायव्हर घातला की डॅशबोर्डला वण पडलाच), हॅझर्डचं बटण फ्रेमवर असेल तर त्याची वायर काढायची, स्क्रू सोडून सेट पुढे ओढायचा. मागे अँटेनाची पिन आणि कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लास्टिकचा प्लग. लॉक दाबलं की कपलर निघतो. नव्या सेटला तो बसत नाही, म्हणून मध्ये गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर लागतो. मिळतो काहीशे रुपयांत, पण फुकट फिटिंगवाला तेवढेही वाचवतो: कंपनीचा कपलर छाटायचा, वायरी पिळायच्या, टेप गुंडाळायची.

नव्या सेटची पिवळी वायर म्हणजे कायमचा 12 व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरचा, काळी अर्थिंग. गाडीकडच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावायचा कंटाळा, म्हणून लाल-पिवळी एकत्रच पिळतात. सेट चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण चावी काढल्यावरही सेट जागाच. त्याने अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी शुक्रवारी रात्री लावलेल्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी सोमवारी सकाळपर्यंत जवळपास रिकामी. मग तेच दुकान ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी विकतं!

स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थिंगला जोडली तर सेटचा अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. एका स्पीकरची जोडी उलटी लागली तर बास पातळ होतो, तेव्हा ‘स्पीकर बदला’ असा सल्ला.

जुना सेट ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतात आणि स्पेअर म्हणून विकतात. परत मागितला तर कधी दुसराच, बंद पडलेला हातात देतात. म्हणून सेट बाहेर येताच मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा आणि न कापलेल्या कपलरचा फोटो घ्या. नवा सेट आत जाण्याआधी जोडणी बघा. पैसे देण्यापूर्वी चावी काढून दार उघडा-बंद करा. स्क्रीन आपोआप विझली पाहिजे. बिलावर ‘कपलरसह, वायर न कापता’ लिहून घ्या. वॉरंटीतल्या गाडीत कापलेली वायर दिसली, तर सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकल क्लेम नाकारू शकतं.

कपलर आधीच कापला गेला असेल तर कपलरची मेल-फीमेल जोडी (एकमेकांत बसणारे दोन भाग) आणून प्रत्येक वायर मल्टीमीटरने ओळखून सोल्डर करून घ्या, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). टेप नकोच, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे तिचा गोंद वितळतो आणि जोड उघडे पडतात.