अँग्लो-सॅक्सनांचे रोजचे जगणे: आधी एल्फ्रिकचा संवाद वाचावा की राजा इनेचे कायदे?

जुन्या इंग्रजीची, म्हणजे मध्ययुगाच्या आरंभी इंग्लंडात राहणाऱ्या अँग्लो-सॅक्सनांच्या भाषेची, विभक्तिरूपे ओळखू येऊ लागली, की सहसा तिथल्याच एका मठातला शिक्षक एल्फ्रिक याचा संवाद हाती दिला जातो. नांगऱ्या, मेंढपाळ, कोळी, मिठागरी, चांभार असे सगळे त्यात आपापल्या कामाबद्दल बोलतात. नांगऱ्या पहाटे बैल हाकत शेतावर जातो, कितीही थंडी असली तरी दिवसाला पुरा एकर किंवा त्याहून जास्त नांगरतो. वाक्ये छोटी, शब्द घरगुती. सुरुवातीला याहून सोपे काही मिळणे कठीण आहे, हे मान्य.

पण एक गोष्ट मला सतत खुपत राहिली. हा संवाद मुळात लॅटिन आहे, मठातल्या मुलांना लॅटिन बोलता यावे म्हणून रचलेला. जुनी इंग्रजी आहे ती ११व्या शतकातल्या एका हस्तलिखितात, लॅटिन ओळींच्या वर शब्दाला शब्द लिहिलेली. त्यामुळे शब्दक्रम लॅटिनचा, धातुसाधितेही त्याच्याच सोयीची. पाठ्यपुस्तके तो क्रम बदलून देतात, आणि मग मूळ कुठे संपले, संपादक कुठे सुरू झाला, हे कळत नाही. वाक्यरचना शिकायला बसलेल्याला ही अडचण लहान नाही.

इनेचे कायदे वेसेक्स या दक्षिण इंग्लंडातल्या राज्यातले, साधारण इ.स. ६९० च्या सुमाराचे. ते तिथलाच नंतरचा राजा आल्फ्रेड याच्या कायद्यांना जोडलेले म्हणूनच टिकले, तेव्हा त्यांचे आजचे रूप मूळ काळानंतरचे आहे. तरी रचना इंग्रजीचीच. कलम बहुधा ‘गिफ’ म्हणजे ‘जर’ने उघडते, पुढे ‘त्याने इतके शिलिंग द्यावेत’. मराठी वाचकाला हे जर-तर आणि विध्यर्थ पटकन सापडतात.

आणि जगणे किती उघडे पडते! रानात झाड जाळले तर ६० शिलिंग दंड, कारण आग चोर असते. कुऱ्हाडीने कितीही झाडे तोडली तरी तीन झाडांचेच, प्रत्येकी ३० शिलिंग. कारण कुऱ्हाड चुगली करते, ती चोर नव्हे. अशी कारणे फार थोड्या कलमांत दिलेली आहेत, म्हणून ती मोलाची.

अडते ते संक्षेपामुळे. सामाईक कुरणाच्या कुंपणाच्या ४२व्या कलमात ‘खाऊन टाकले’ असे आहे, पण कोणी, ते नाही. जनावरे आपण गृहीत धरायची. ‘तो’ म्हणजे फिर्यादी की आरोपी, हेही दर वेळी ठरवावे लागते. म्हणून आधी ४०वे कलम वाचावे: घराभोवती कुंपण नसेल आणि शेजाऱ्याची गुरे आत शिरली, तर भरपाई मागता येत नाही. मग ४२ आणि वरचे झाडांचे ४३. ७०व्यातली दहा हाइड (हाइड हे जमिनीचे जुने माप) जमिनीवरच्या अन्नखंडणीची यादी (३०० भाकऱ्या, १० हंस, २० कोंबड्या, १०० ईल मासे) संख्येनंतरच्या षष्ठीचा उत्तम सराव देते.

लॅटिन आधीच येत असेल, तर मात्र एल्फ्रिकपासून सुरू करायला हरकत नाही. दोन्ही ओळी समोर असल्या, की उसना शब्दक्रम लगेच ओळखू येतो.