पॉलिकार्बोनेटच्या झडपा: आगोटीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

घर गोव्यातल्या मांद्रेचे, चिरेबंदी, कौलारू. पश्चिमेच्या खिडक्या थेट समुद्राच्या वाऱ्यात. 2021 च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याला न धडकता बाजूने गुजरातकडे गेले, तरी माड नि विजेचे खांब आडवे झाले. तेव्हापासून या काचांचे काहीतरी करायचे होते. 2025 च्या एप्रिलअखेरीस म्हापशाच्या एका फॅब्रिकेटरकडून खिडकीवर बाहेरून लावायच्या, काढघाल करता येतील अशा पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या (चिवट प्लास्टिकच्या) झडपा करून घेतल्या. वर अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल, खाली हाताने आवळायचे नट.

त्या वर्षी परीक्षा लवकर झाली. 24 मे रोजी मान्सून केरळात पोचला आणि त्याच दिवशी रत्नागिरीच्या बाजूला कमी दाबाचे क्षेत्र किनाऱ्यावर चढले. आमच्याकडे वारा सुटला तशी शेजारच्या माडाची झावळ मधल्या झडपेवर येऊन आदळली. झडपेवर ओरखडा उठला, आतली काच शाबूत. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: पट्टीने काच फुटायची थांबत नाही, उलट तुकडे मोठे होऊन पडतात.

पण झडपेने झड अडत नाही. वाऱ्याबरोबर पाणी कडेच्या फटीतून शिरते, स्लायडिंग खिडकीच्या पट्टीत साचते आणि तिथून घरात. पट्टीच्या तळाला पाणी जायला बारीक भोके असतात, ती धूळ आणि मुंग्यांच्या मातीने बुजलेली होती. तारेने मोकळी केली, फरशी कोरडी राहिली. खर्च शून्य. पूर्वी ओसरीला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचे ते याच झडीसाठी, वादळासाठी नव्हे.

जूनच्या मध्यावर झडपा उतरवल्या. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर खालचे आणि वरचे वारे उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे चक्रीवादळ सहसा आकाराला येत नाही. धोका मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. चारही महिने लावून ठेवल्या तर खोली कोंदट होते, चौकटीला बुरशी धरते, आणि पाऊस पत्र्यासारखा वाजतो. आईचे म्हणणे, झोप जाण्यापेक्षा काच गेलेली परवडली!

बसवताना सर्वांत जास्त लक्ष भिंतीकडे द्या. चिरा (जांभा दगड) मऊ, साधा रावलप्लग (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) त्यात फिरतो आणि जोराच्या ओढीने सुटतो. आमच्या मेस्ताने (कारागिराने) वरचे बोल्ट खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईत, म्हणजे लिंटेलमध्ये घेतले आणि बाजूचे रसायन भरून पक्के केले. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा. खाऱ्या हवेत साधे लोखंड एका पावसात गंजते. पॉलिकार्बोनेट उन्हाने फुगते, मीटरमागे दोनेक मिलिमीटर, म्हणून भोके सैल हवीत. अतिनील किरणांचा थर बहुधा एकाच बाजूला असतो, ती बाजू बाहेर. संरक्षक प्लास्टिक सोलण्याआधी खूण करून ठेवा, नंतर ओळखू येत नाही. पुसायला साबणपाणी, थिनर लावाल तर तडे जातील.

घरच्या बाकीच्या तयारीत झडपांपेक्षा पाडेल्याची (नारळ पाडणाऱ्याची) मजुरी जास्त सार्थकी लागली: मे लागायच्या आत माडांवरचे नारळ आणि सुक्या झावळ्या खाली. उडणारी वस्तूच नसेल तर काचेवर येणार काय? वीज गेली की विहिरीचा पंप बंद, म्हणून हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की आधी टाकी भरतो, मग झडपा चढवतो. पुरुमेताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सोलां म्हणजे आमसुले, सुके बांगडे, तांदूळ तर घरात असतातच; भर घातली ती फक्त गॅसच्या जादा सिलिंडरची आणि चार्ज केलेल्या दिव्याची.

ऑक्टोबरात पुन्हा लावल्या तेव्हा एक नट खाऱ्या धुळीने घट्ट बसला होता, आता ग्रीस लावून ठेवतो. दोघांनी मिळून लावायला अर्धा तास. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे जमायचे नाही; त्यांनी सरळ लॅमिनेटेड काच घालावी, ती फुटली तरी मधल्या थराला चिकटून राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीला आम्हीही तीच घालणार आहोत, कारण बाहेर ओट्याच्या वर शिडी लावायला जागाच नाही.