जॅस्पर इन अ जॅम (1946): लाकूडकामाला पैकीच्या पैकी, चेहऱ्याला भोपळा

पावसात अडकलेला जॅस्पर नावाचा एक काळा पोरगा गहाणवटीच्या दुकानात शिरतो. मध्यरात्रीचे ठोके पडतात आणि तिथे धूळ खात पडलेली वाद्यं जागी होतात. कथा एवढीच. जॉर्ज पाल यांच्या ‘पपेटून’ या लाकडी बाहुल्यांच्या अ‍ॅनिमेशन-मालिकेतला जेमतेम सात मिनिटांचा हा लघुपट पॅरामाउंटने दाखवला. संगीत चार्ली बार्नेटच्या जॅझ वाद्यवृंदाचं, त्यात त्याचं गाजलेलं ‘चेरोकी’, आणि पेगी लीच्या आवाजात ‘ओल्ड मॅन मोज’. ऐकायला आजही झकास. बघताना मात्र घास अडकतो, आणि तो का अडकतो हे कळायला आधी बाहुली कशी चालते ते बघावं लागतं.

नेहमीच्या स्टॉप-मोशनमध्ये बाहुलीच्या आत सांध्यांचा सांगाडा असतो. हात थोडा हलवायचा, फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायचा. पाल यांची रीत वेगळी: बाहुली हलवायची नाही, बदलायची. सगळी हालचाल आधी कागदावर रेखाटायची आणि चित्रांबरहुकूम लाकडाचे सुटे भाग तयार करायचे. एका पावलाला 12 फ्रेम धरल्या तर पायांच्या 12 वेगळ्या जोड्या. ‘ओ’ म्हणणारं डोकं वेगळं, ‘ई’ म्हणणारं वेगळं, मधल्या अवस्थांची आणखी वेगळी. अशा एकेका लघुपटाला 9,000 पर्यंत भाग लागत. म्हणूनच जॅस्परचा गाल ताणला जातो, पाय रबरासारखे लवतात आणि तरी पृष्ठभागावर लाकडाची गुळगुळीत चकाकी राहते. सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांना अचानक जीव फुटावा, तसं दिसतं.

यात घोळ व्हायच्या जागाही ठरलेल्या. डोकं खुंटीवर केसभर तिरकं बसलं की पडद्यावर मान थरथरते. दोन डोक्यांच्या रंगात किंचित फरक पडला की चेहरा लुकलुकतो. त्यात टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाची पद्धत अशी, की एकच फ्रेम लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून एकापाठोपाठ तीनदा घ्यायची. 24 फ्रेमच्या हिशेबाने सात मिनिटांच्या 10,080 फ्रेम, म्हणजे शटर 30,240 वेळा उघडणार. या तिनांच्या मध्ये टेबलाला धक्का लागला तर कडेला रंगाची झालर दिसते. जॅस्परमध्ये अशी चूक शोधून सापडणं कठीण. पुढे स्टॉप-मोशनसाठी गाजलेले रे हॅरीहाउसेन तरुणपणी याच स्टुडिओत होते. सगळं आधीच ठरलेलं असल्याने अ‍ॅनिमेटरला आयत्या वेळी काही सुचायला जागा नाही, ही त्यांची तक्रार होती.

मुद्दा तोच आहे. इथे आयत्या वेळी काही घडत नाही. जॅस्परचे सुजल्यासारखे जाड, फिकट ओठ आणि बटबटीत पांढरे डोळे ही कुणाच्या हातून घाईत झालेली चूक नव्हे. तो ओठ आधी रेखाटला, मग कोरला, घासला, रंगवला, आणि मिटलेला, अर्धा उघडा, पूर्ण उघडा असा प्रत्येक अवस्थेत पुन्हा पुन्हा केला. गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करायची जी अमेरिकी रंगमंचावरची परंपरा, तिचाच हा मुखवटा, फक्त लाकडात.

या लघुपटात निदान जॅझचा जोर तरी आहे. मालिकेतले इतर भाग जास्त बोचतात. 1942 च्या ‘जॅस्पर अँड द वॉटरमेलन्स’चा सगळा विनोद कलिंगडावर उभा आहे. आपल्याला त्यात काही वावगं वाटणार नाही, म्हणून सांगायला हवं: गुलामीतून सुटलेल्या काळ्या शेतकऱ्यांनी कलिंगडं पिकवून, विकून चार पैसे मिळवले, आणि त्यांच्या त्या स्वावलंबनाचीच पुढे आळस आणि हावरटपणा म्हणून टर उडवली गेली. बऱ्याच भागांत लबाड बुजगावणं आणि त्याचा जोडीदार काळा पक्षी जॅस्परला गंडवतात, आणि सगळे ठरावीक ‘काळ्या’ बोलीत बोलतात. मराठी नाटकात घरगड्याला मालवणी बोलायला लावून हशा वसूल करायची सवय ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही चाल लगेच ओळखू येईल.

‘तेव्हा कुणाला खटकत नव्हतं’ ही पळवाट इथे चालत नाही. ‘हॉलिवुड क्वार्टर्ली’सारख्या नियतकालिकाने त्याच काळात जॅस्परवर टीका केली होती. हंगेरीत जन्मलेल्या, 1933 मध्ये बर्लिन सोडलेल्या पाल यांचं म्हणणं असं, की जॅस्पर म्हणजे अमेरिकेचा हकलबरी फिनच. पण हकच्या तोंडावर असा मुखवटा कुणी बसवला नव्हता.

गंमत म्हणजे सर्वांत चोख उत्तर पाल यांच्याच कारखान्यातून, त्याच वर्षी आलं. ‘जॉन हेन्री अँड द इंकी-पू’मध्ये लोककथेतला काळा रेल्वेमजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि मरतो. निवेदन रेक्स इंग्रम या काळ्या नटाचं. बाहुली भरदार अंगाची आणि चेहरा माणसाचा. तीच पद्धत, तसंच लाकूड. ‘एबनी’ या काळ्या वाचकांच्या मासिकाने त्याचं कौतुक केलं आणि ऑस्करचं नामांकनही मिळालं. म्हणजे वेगळं कोरता येत होतं.

बघायचंच तर दोन्ही एकत्र बघा. अर्नोल्ड लाइबोविट यांच्या ‘द पपेटून मूव्ही’ (1987) या संकलनात दोन्ही आहेत आणि त्याची ब्लू-रे 2013 मध्ये आली. आंतरजालावर फिरणाऱ्या प्रती बऱ्याचदा टीव्हीसाठी विकलेल्या छापांवरून केलेल्या असतात. शीर्षकांत पॅरामाउंटऐवजी यू. एम. अँड एम. किंवा एन. टी. ए. या टीव्ही-वितरकांचं नाव दिसलं तर ती तीच. अशा छापांत रंग उडून सगळं तांबूस झालेलं असलं, तर लाकडाची चकाकी, म्हणजे बघण्यासारखी निम्मी गोष्ट, गेलीच म्हणून समजा.

लहान मुलांसमोर नुसतं लावून स्वयंपाकघरात जाऊ नका. बाहुल्या गोड आहेत, गाणी नाचरी आहेत, आणि तो चेहरा त्यांच्या डोक्यात गोड म्हणूनच बसेल. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांनी मात्र रिमोटवर एकेक फ्रेम पुढे सरकवत जॅस्परचं बोलणं बघावं. आवाज बंद ठेवून. प्रत्येक फ्रेमला डोकं बदलतं, ओठांचा आकार बदलतो, आणि त्यांची जाडी मात्र कुठेही कमी होत नाही.