सिंक जनरेटर: कॅमेऱ्यांची शटरे जुळवणारी पेटी
साध्या टाइमकोड पेट्या प्रत्येक फ्रेमवर केवळ वेळेची नोंद करतात. शटर नेमके केव्हा उघडायचे हे कॅमेराच ठरवतो, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात दोन कॅमेऱ्यांत २० मिलिसेकंदांपर्यंत फरक उरू शकतो. हा जनरेटर टाइमकोडसोबत जेनलॉकही, म्हणजे सर्व कॅमेऱ्यांची शटरे एकाच क्षणी उघडायला लावणारा संकेतही, देतो आणि तेच त्याचे खरे मोल आहे: टाळी वाजवून पाहिली, तेव्हा दोन्ही चित्रांत तळव्यांमधले अंतर फ्रेमगणिक सारखेच दिसले. फ्रेम रेटची मांडणी मात्र खटकते. २९.९७ आणि ३० हे पर्याय अगदी शेजारी आहेत, निवड पक्की करण्याआधी विचारणा होत नाही, आणि एवढ्याशा गफलतीने तासाभरात १०८ फ्रेमची तफावत पडते. जेनलॉकची जोडणी नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी ही पेटी घेऊ नये.