गाण्यातून गायकाचा आवाज काढणे: चॅनेलची वजाबाकी की एआय?

तयार गाण्याच्या फाइलमध्ये गायकाचा आवाज वेगळा साठवलेला नसतो. तो वाद्यांसह दोन चॅनेलमध्ये मिसळलेला असतो, आणि कोणतेही सॉफ्टवेअर तो केवळ अंदाजानेच वेगळा करते. त्यामुळे स्टुडिओतील मूळ वाद्यमेळासारखा निर्मळ ट्रॅक मिळेल, ही अपेक्षा आधीच बाजूला ठेवावी.

जुना मार्ग डाव्या चॅनेलमधून उजवे वजा करण्याचा आहे. मुख्य गायन बहुधा मध्यभागी, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये सारखेच ठेवलेले असते, म्हणून वजाबाकीत ते नाहीसे होते. मात्र बेस आणि ड्रम्सचे मुख्य ठोकेही बहुतेक वेळा तिथेच असतात, त्यामुळे उरलेले गाणे पोकळ वाटते. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये ही क्रिया ठरावीक कंपनसंख्यांपुरती मर्यादित ठेवता येते, त्यामुळे बेस बराचसा वाचतो. आवाजाला दिलेला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असल्याने गायकाची दूरवरची छाया मागे राहतेच. मोनो ध्वनिमुद्रणावर तर ही पद्धत वापरूच नये, कारण दोन्ही चॅनेल सारखेच असल्याने हाती केवळ शांतता येते.

एआयवर आधारित सॉफ्टवेअर आवाजाची जागा नव्हे, तर त्याचे स्वरूप ओळखते, म्हणून ते मोनोवरही चालते. डीझर या ऑनलाइन संगीतसेवेने २०१९ मध्ये स्प्लीटर हे असे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. फेसबुकच्या संशोधकांनी डेमक्स विकसित केले. आणि अल्टिमेट व्होकल रिमूव्हर या मोफत प्रोग्रॅममध्ये अशी अनेक मॉडेल्स कमांड न लिहिता वापरता येतात. यांपैकी स्प्लीटर वेगवान आहे, परंतु त्याची मूळ मांडणी ११ किलोहर्ट्झपर्यंतच काम करते, त्यामुळे झांजांची चमक मंदावते. डेमक्सला वेळ अधिक लागतो, पण माझ्या मते तो वेळ सार्थकी लागतो.

तरीही उणिवा राहतात, आणि त्या कुठे शोधायच्या हे ठाऊक असावे. हेडफोन लावून ओळीचा शेवट ऐकावा: दीर्घ स्वर विरत असताना मागची वाद्ये किंचित थरथरतात, आणि ‘स’, ‘श’ यांची सळसळ झांजांमध्ये मिसळून मागे उरते. या क्षेत्रात प्रशिक्षणासाठी आणि चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा एमयूएसडीबी१८ हा संच अवघ्या १५० गाण्यांचा असून त्यात गायन, ड्रम्स, बेस आणि ‘इतर’ असे चारच भाग आहेत. म्हणून गळ्यासारखी मींड घेणारे व्हायोलिन किंवा बासरी कधी कधी गायन समजून कापली जाते. कोरस तर बहुतेक वेळा मुख्य आवाजाबरोबरच जातो. तो राखायचा असेल, तर त्यासाठी खास तयार केलेले मॉडेल शोधावे लागते.

रियाजासाठी किंवा घरगुती गायनासाठी एआयचा ट्रॅक निःशंकपणे वापरावा, कारण तुमचा आवाज नेमका त्याच जागी येतो आणि उरलेले अवशेष झाकतो. संगणक फारच जुना असेल, तरच वजाबाकीकडे वळावे. याउलट, वाद्यमेळ एकटाच ऐकवायचा असेल, तर अधिकृत वाद्यसंगीत ट्रॅक मिळवणे किंवा वाद्यमेळ नव्याने वाजवून घेणे हेच योग्य. आवाज काढला तरी गाण्यावरील हक्क कायम राहतात, म्हणून प्रकाशनापूर्वी परवानगी घ्यावी. कोणताही मार्ग निवडला, तरी सुरुवात कमी बिटरेटच्या एमपीथ्रीऐवजी सीडीवरून किंवा फ्लॅक (दर्जा न गमावता साठवलेल्या) फाइलवरून करावी.