रेंज गेली तर "टॉवरचा प्रॉब्लेम असेल" म्हणून गप्प बसू नका (सिम स्वॅप फ्रॉड)

माझ्या चुलतभावाचं इचलकरंजीला यंत्रमागाच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे, त्याच्या खात्यातून ३ लाख ८० हजार गेले. दादाने ना कुणाला ओटीपी सांगितला, ना कुठली लिंक दाबली, म्हणून हे मुद्दाम सगळं लिहितोय.

शनिवारी दुपारपासून त्याला सारखे ब्लँक कॉल, उचलला की कट, परत रिंग. वैतागून त्याने फोन बंद करून ठेवला. चोरांना तेच पाहिजे होतं, कारण तुमच्या सिम बदलायची रिक्वेस्ट आलीय हा मेसेज तेवढ्यातच आला असणार. रात्री फोन चालू केला तर रेंजच नाही. घरात वायफाय असल्यामुळे व्हॉट्सॲप चालू होतं त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही, रविवारी मोबाइल कंपनीची गॅलरी बंद, सोमवारी बघू म्हणाला. आणि सोमवारी सकाळी गॅलरीत गेला तर तिथला पोरगा म्हणतो, काका तुमचं सिम तर शनिवारीच बदललंय, दुसऱ्या गावातून. दादाच्या नावाचं आधार आणि त्यावर फोटो भलत्याच माणसाचा!

आता यातली ग्यानबाची मेख ऐका. सिमकार्डात एक गुप्त की असते, तिची जोडी कंपनीच्या सर्व्हरवर, आणि फोन नेटवर्कला लागताना त्या दोन्ही जुळतात का ते तपासलं जातं. ती सिस्टीम कुणी फोडलेली नाही. तुमचा नंबर सिममध्ये नसतोच हो, तो कंपनीच्या डेटाबेसमध्ये कुठल्या सिमला जोडलाय एवढीच एक नोंद असते, आणि ती नोंद काउंटरवरचा माणूस कागद बघून बदलतो. नवीन कार्ड चालू झालं की जुनं मेलं. बँक ओटीपी पाठवते त्या नंबरवर आणि समजते की पलीकडे तुम्हीच आहात. बँकेच्या कार्डाची माहिती चोरांनी आधीच कुठून तरी मिळवलेली, मग 'फरगॉट पासवर्ड', ओटीपी, खेळ खलास. सगळे अलर्टसुद्धा त्यांच्याच फोनवर.

सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, म्हणून तर शनिवार निवडला, रविवारी गॅलरी बंद, ते २४ तास गुपचूप निघून जातात. दादाचे पैसे रविवारी रात्री उशिरा गेले. म्हणजे रेंज गेल्यापासून एक अख्खा दिवस हातात होता, पण तो तसा होता हे आपल्याला सांगतं कोण?

तर रेंज गेली आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे, असं दिसलं तर गॅलरी उघडायची वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून कस्टमर केअरला विचारा सिम बदललंय का, आणि आधी बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड सगळं ब्लॉक करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. दादाचे थोडे पुढच्या खात्यात होल्ड झाले ते त्यामुळेच, बाकीचे एटीएममधून निघून गेले होते.

बँकेचा मॅनेजर आधी "ओटीपी तुमच्याच नंबरवर गेलाय" यावरच अडून बसला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर दाखवल्यावर सूर बदलला. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुणाची आहे, आणि बँकेचा व्यवहाराचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. चूक ग्राहकाची होती हे बँकेने सिद्ध करायचं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी काही कामाचं नाही. मोबाइल कंपनीकडूनही भरपाई मागता येते, आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली, राज्याच्या आयटी सचिवांकडे. आमचा अर्ज तिथे गेलाय.

सिमला पिन लावा असं बरेच जण सांगतात, तो फोन चोरीला गेल्यावर उपयोगी, इथे काही फायदा नाही. त्यापेक्षा बँकेचे अलर्ट ईमेलवर पण चालू करा, तो मेल दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडा ठेवा. आणि बँकेचा ब्लॉक करायचा नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा, ऐनवेळी तुमच्या फोनवरून फोन लागणार नाहीये.